साबणाच्या छंदात तराजू कुठे आहे?

घरच्या घरी साबण करण्याचा छंद गेल्या काही वर्षांत शहरांतून बराच पसरला आहे. सुट्टीतल्या छंदवर्गांत तो शिकवला जातो, बचत गटांच्या विक्रीच्या टेबलांवर त्याच्या वड्या दिसतात, आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही त्याला जागा मिळू लागली आहे. शिक्षकांना हा प्रयोग का आवडतो, ते समजण्यासारखे आहे. साहित्य स्वस्त असते, निकाल हातात धरता येतो, मुले तो घरी नेऊन दाखवतात. शिवाय ‘मेद अधिक अल्कली म्हणजे साबण अधिक ग्लिसरीन’ हे फळ्यावरचे समीकरण डोळ्यांसमोर घडते. प्रयोग इतका लोकप्रिय आहे म्हणूनच त्याची जरा कसून तपासणी करायला हवी. एखादी चुकीची समजूत पसरायची असेल, तर तिला लोकप्रिय प्रयोगासारखे दुसरे वाहन नाही.

या तपासणीला निमित्त झाले ते रे रोड भागातल्या एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन. तिथे परीक्षक म्हणून गेलो असता साबणाची तीन टेबले एका ओळीत मांडलेली होती. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच तीन टेबले मला इतर ठिकाणीही भेटली आहेत. मुले उत्साही होती, शिक्षकांनी कष्ट घेतले होते. पुढे जी टीका आहे ती त्या मुलांवर नाही. ज्या पद्धतीने ही कृती मुलांच्या हाती दिली जाते, त्या पद्धतीवर ती आहे.

पहिल्या टेबलावर गुलाबी, पारदर्शक, सुवासिक वड्या होत्या आणि वर पाटी होती : ‘रसायनविरहित नैसर्गिक साबण’. कृती अशी. बाजारातून ‘साबणाचा बेस’ आणायचा, त्याचे तुकडे करून गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवायचे, त्यात रंग, अत्तर आणि गुलाबाच्या पाकळ्या घालायच्या आणि सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे. अर्ध्या तासात वडी तयार. हा करमणुकीचा छान प्रकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे साबण ‘तयार’ झालेला नाही. बेस हा आधीच साबण असतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया कुठल्या तरी कारखान्यात होऊन गेलेली असते. मुलांनी फक्त त्याचा आकार बदलला. हा भौतिक बदल आहे, आणि तो रासायनिक बदलाच्या पाटीखाली मांडलेला होता.

‘रसायनविरहित’ या शब्दाचा तर विज्ञान प्रदर्शनात उल्लेखच व्हायला नको. सोडिअमचे मेदाम्लांशी झालेले क्षार म्हणजेच साबण. त्यातून रसायन वजा केले तर साच्यात काहीच उरणार नाही. पाणी रसायन, खोबरेल रसायन, गुलाबाचा सुवासही रसायन. ही पाटी लिहिणाऱ्याला बहुधा म्हणायचे असते की ‘आम्हाला कॉस्टिकला हात लावावा लागला नाही’. ते खरे आहे, कारण तो हात दुसऱ्या कोणी तरी लावलेला असतो. रे रोडच्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. त्यांच्या स्थानकापासून हार्बर मार्गाने दोन स्थानके पुढे शिवडी. तिथे लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक दशके त्याने या भागातल्या घरांना रोजगार दिला. तो आता राहिलेला नाही. पण तेलाच्या टाक्या, कॉस्टिक आणि उकळत्या कढया सांभाळणारी माणसे याच वस्तीतून कामाला जात होती. त्यांच्या नातवंडांना आपण सांगावे की साबणात रसायन नसते?

दुसरे टेबल जुन्या वळणाचे होते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. चंचुपात्रात २५ मिलिलिटर तेल, त्यात २० टक्के कॉस्टिक सोड्याचे ३० मिलिलिटर द्रावण, ढवळत ढवळत उकळणे, मग चमचाभर मीठ, आणि घट्ट झालेला गोळा साच्यात. ही कृती बहुतेकांना ओळखीची वाटेल. तेल कोणते, या रकान्यात लिहिले होते : ‘कोणतेही खाद्यतेल’. मुलांनी खोबरेल घेतले होते. ‘तीस मिलिलिटरच का?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘कृतीत तसे दिले आहे.’

आता हिशेब करून पाहू या. २५ मिलिलिटर खोबरेलाचे वजन सुमारे २३ ग्रॅम भरते. १०० ग्रॅम खोबरेलाचे पूर्ण साबणीकरण व्हायला सुमारे १८.३ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड लागते. म्हणजे २३ ग्रॅमना ४.२ ग्रॅम पुरे. मुलांनी घातले ६ ग्रॅम. उरलेले १.८ ग्रॅम कॉस्टिक जाणार कुठे? खोबरेलाऐवजी शेंगदाण्याचे किंवा एरंडेल तेल घेतले असते, तर गरज ३.१ ग्रॅमच्या आसपास असती आणि जवळजवळ तितकेच कॉस्टिक शिल्लक राहिले असते. ‘कोणतेही खाद्यतेल’ या चार अक्षरी सवलतीने, म्हणजे ‘कोणतेही’ म्हणण्याने, कृतीतले रसायनशास्त्रच पुसून टाकले.

तेलागणिक कॉस्टिकचे प्रमाण का बदलते, हे दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. मेदाच्या एका रेणूत मेदाम्लाच्या तीन साखळ्या असतात, म्हणून त्याला सोडिअम हायड्रॉक्साइडचे तीन रेणू लागतात; ३ गुणिले ४० म्हणजे १२०. खोबरेलात बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे. तीनही साखळ्या लॉरिक आम्लाच्या असलेल्या मेदाचा रेणुभार ६३८. तीनही साखळ्या अठरा कार्बनच्या स्टिअरिक आम्लाच्या असतील तर तो ८९०. आता १२० ला ६३८ ने आणि मग ८९० ने भागा. पहिले उत्तर १८.८ टक्के येते, दुसरे १३.५ टक्के. साखळी आखूड असेल तर एका ग्रॅममध्ये रेणू जास्त मावतात, आणि रेणू जास्त म्हणजे कॉस्टिक जास्त. प्रत्यक्षातली तेले म्हणजे अनेक मेदांची मिश्रणे, म्हणून त्यांचे आकडे या टोकांच्या आसपास येतात : खोबरेल सुमारे १८.३, पाम तेल १४, शेंगदाणा १३.५, एरंडेल १३ च्या जरा खाली. याला साबणीकरण मूल्य म्हणतात. साबणाच्या प्रयोगाचा गाभा म्हणजे हा आकडा, आणि त्या टेबलावर नेमका तोच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, जादा कॉस्टिक घेतले तरी मीठ घातल्यावर साबण वर येतो आणि कॉस्टिक खालच्या पाण्यात राहते. कारखान्यात खरोखरच असे करतात. पण तिथे मिठाच्या पाण्याने साबण पुन्हा पुन्हा धुतात आणि खालचे पाणी काढून टाकतात. या टेबलावर सगळा गोळा जसाच्या तसा साच्यात गेला होता. दुसरी अडचण खुद्द खोबरेलाची. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून तो वेगळा करायला जवळजवळ संपृक्त मीठपाणी लागते. चरबीच्या साबणाला त्याच्या कितीतरी कमी मीठ पुरते. चमचाभर मिठाने खोबरेलाचा साबण नीट सुटा होईल, याची खात्री नाही. याच गुणामुळे पूर्वी जहाजांवर, जिथे गोड्या पाण्याची टंचाई असे, खलाशी खोबरेलाचा साबण वापरत, कारण समुद्राच्या पाण्यातही त्याला फेस येतो. बंदराला लागून असलेल्या शाळेत ही गोष्ट सांगितली असती, तर ते मीठ का घालायचे हा प्रश्न मुलांनी स्वतःच विचारला असता.

तिसरे टेबल तिघांत सर्वांत चांगले होते. तिथे स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि नोंदवही होती. कृती उष्णता न देता करण्याची, म्हणजे कॉस्टिकचे थंड केलेले द्रावण तेलात ओतून घट्ट होईपर्यंत घोटायचे आणि साच्यात ठेवायचे. मूळ कृतीत ५०० ग्रॅम खोबरेल आणि ८७ ग्रॅम कॉस्टिक होते. हिशेब अचूक आहे. पूर्ण साबणीकरणाला ९१.५ ग्रॅम लागले असते. त्यातून पाच टक्के कमी केले, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कॉस्टिक उरत नाही. छंद करणाऱ्यांची ही पद्धत शहाणपणाची आहे.

पण खोबरेल महाग. म्हणून मुलांनी अर्धे खोबरेल आणि अर्धे शेंगदाणा तेल घेतले, आणि कॉस्टिक मात्र ८७ ग्रॅमच ठेवले. आता गरज किती? २५० ग्रॅम खोबरेलाला ४५.८ आणि २५० ग्रॅम शेंगदाणा तेलाला सुमारे ३३.८, एकूण ७९.६ ग्रॅम. पाच टक्क्यांची सूट तर गेलीच, उलट सात ग्रॅमांहून अधिक कॉस्टिक वडीत शिल्लक राहिले. वजन काटेकोर केले होते. चुकले ते वजनामागचे कारण. काटा होता, पण साबणीकरण मूल्य माहीत नव्हते.

ही चूक त्यांच्या लक्षात आली नाही, कारण त्यांना सांगितले गेले होते की ‘सहा आठवडे ठेवले की कॉस्टिक उडून जाते’. हा समज छंदवर्गांतून फार पसरला आहे. कॉस्टिक उडून जात नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पृष्ठभागावरचे थोडे कॉस्टिक धुण्याच्या सोड्यात बदलते, वडीवर पांढरी पूड दिसते ती बरेचदा हीच. आतले बहुतांश तसेच राहते. सहा आठवड्यांत उडते ते पाणी. वडी कडक होते, टिकाऊ होते, आणि साबणीकरण तर पहिल्या एक-दोन दिवसांतच जवळजवळ पूर्ण झालेले असते. म्हणजे वाट पाहण्याने वडी सुधारते, पण हिशेबातली चूक सुधारत नाही.

याच टेबलावर एक सुंदर संधी वाया गेली. वड्यांत हळद घातली होती आणि त्या पिवळ्या होण्याऐवजी विटकरी लाल झाल्या होत्या. ‘हळद भेसळीची असावी,’ असा खुलासा मला मिळाला. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळद आम्लारीत लाल होते, ती निसर्गाने दिलेली दर्शक आहे. मुलांच्या हातात उत्तर होते, पण प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मात्र इथे घाई करू नये. लाल रंग दिसला म्हणजे मोकळे कॉस्टिक उरले, असा निष्कर्ष निघत नाही. चांगल्यात चांगला साबणही पाण्यात आम्लारीधर्मी असतो, त्याचा सामू ९ ते १० च्या दरम्यान असतो. लिटमस निळा होणारच, हळद लाल होणारच. मोकळे कॉस्टिक शोधायचे तर पाण्याला दूर ठेवून चाचणी करावी लागते. कोरडी वडी मधून कापून ताज्या पृष्ठभागावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकायचा. तो लगेच गडद गुलाबी झाला तर वडी अंगाला लावण्याजोगी नाही. ही चाचणी काही सेकंदांची आहे. तिन्ही टेबलांवर ती नव्हती, आणि तिन्ही टेबलांवरच्या वड्या पाहुण्यांना भेट म्हणून दिल्या जात होत्या.

यात नुसती तात्त्विक चूक नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बोट बुडाले तर ते बुळबुळीत लागते, याचे कारण अनेकांना ठाऊक नसते. आपल्या त्वचेवरच्या तेलकट थराचा त्या क्षणी साबण होत असतो. चंचुपात्रात जी अभिक्रिया आपल्याला हवी असते, तीच कातडीवर आणि डोळ्यात नको असते. आम्लाने भाजले तर पेशींतली प्रथिने गोठतात आणि काही प्रमाणात आम्लाला पुढे जायला अडथळा होतो. कॉस्टिक मेद आणि प्रथिने विरघळवत आत शिरत राहते. म्हणून डोळ्यात उडालेला एक थेंबही दृष्टी घालवू शकतो. अशा वेळी लिंबू किंवा व्हिनेगर शोधत बसू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा निदान वीस मिनिटे सलग धुवावा आणि तसेच दवाखाना गाठावा.

छंदाच्या कृतींत ‘घरातले जुने पातेले घ्या’ असेही लिहिलेले असते. आपल्याकडे जुने पातेले म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड, उष्णता सहन करणाऱ्या प्लॅस्टिकचे हवे. कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे घालायचे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही. एक भाग कॉस्टिक आणि दोन भाग पाणी घेतले, तर शेगडी न पेटवता ते द्रावण उकळत्या चहासारखे तापते. हार्डवेअरच्या दुकानातले मोरी साफ करण्याचे कॉस्टिक हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून बसलेले असते, तेव्हा त्याचे वजन आणि त्यातले खरे कॉस्टिक यांत फरक पडतो.

छंदाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे तेही सांगितले पाहिजे. घरच्या साबणात ग्लिसरीन वडीतच राहते. १०० ग्रॅम खोबरेलातून सुमारे १४ ग्रॅम ग्लिसरीन सुटते, आणि कारखाने ते बहुतेक वेळा वेगळे काढून विकतात. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, म्हणून घरची वडी त्वचेला सौम्य वाटते, यात तथ्य आहे. पण ‘राखेच्या पाण्याचा साबण अधिक नैसर्गिक’ हा दावा मात्र मानता येत नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅशिअम कार्बोनेट असते. पूर्वीचे साबणवाले त्यात चुना घालून त्याचे तीव्र अल्कली करून घेत. हात तितकाच भाजतो. फरक इतकाच की त्याचे प्रमाण मोजता येत नाही. शतकानुशतके साबण असा अंदाजाने होत आला, आणि म्हणूनच कधी चिकट, कधी जळजळीत होत आला. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८११ पासून मेदांवर काम करून १८२३ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा मेदातून मेदाम्ले आणि ग्लिसरीन निघतात हे स्पष्ट झाले. त्यानंतर साबण हा हिशेबाचा विषय झाला.

आपल्याच परिसरातले उदाहरण घ्या. १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढणारे अर्देशीर गोदरेज पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात साबणाकडे वळले आणि त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. ही गोष्ट आपण स्वदेशीचा आणि धर्मभावनेचा अध्याय म्हणून सांगतो. रसायनशास्त्राच्या तासाला तिची दुसरी बाजू सांगता येईल. चरबीला शेकडा सुमारे १४ कॉस्टिक लागते, खोबरेलाला १८.३. चरबी काढून तेल घालणाऱ्याला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, मिठाचे प्रमाणही बदलावे लागते. तिसऱ्या टेबलावरच्या मुलांसमोर लहान प्रमाणात हाच प्रश्न आला होता. तो प्रश्न आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

मग शाळेत साबण करावा की नाही? माझ्या मते आठवीपर्यंत कॉस्टिक मुलांच्या हाती देऊ नये. त्या वयात तयार साबणावर पुष्कळ प्रयोग करता येतात. तलावांतून येणारे नळाचे पाणी, बोअरवेलचे पाणी आणि मिठाचे पाणी यांत ठरावीक साबण घालून बाटली सारख्याच वेळा हलवायची आणि फेसाची उंची पट्टीने मोजायची. रिठा आणि शिकेकाई यांची तुलना करायची. हळदीची पट्टी करून घरातले पदार्थ तपासायचे. नववीपासून पुढे साबण जरूर करावा, पण कॉस्टिकचे द्रावण शिक्षकांनी, चष्मा आणि हातमोजे घालून, मुले दूर असताना तयार करावे. मुलांनी तेल वजन करून घ्यावे, मिलिलिटरमध्ये मोजू नये. लागणारे कॉस्टिक त्यांनी आधी वहीत काढावे आणि शिक्षकांनी तपासल्याशिवाय पुढची पायरी सुरू करू नये. एकाच वर्गात दोन गटांनी दोन तेले घ्यावीत, म्हणजे आकडे वेगळे का आले यावर बोलणे होईल. शेवटी प्रत्येक वडीची फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी व्हावी, आणि जी वडी नापास होईल ती फेकण्याआधी तिचा हिशेब पुन्हा तपासावा. त्या वडीतून सर्वांत जास्त शिकायला मिळते.

प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही एक सूचना. वडीचा रंग, वास आणि वेष्टन पाहून गुण देण्याची पद्धत सोडून द्यावी. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारावा : ‘कॉस्टिक किती घेतले, आणि तेवढेच का?’ ज्या मुलीला किंवा मुलाला याचे उत्तर स्वतःच्या वहीतला हिशेब दाखवून देता येईल, त्याची वडी वेडीवाकडी असली तरी पहिला क्रमांक त्याचा.